अजून हाय

"वर हात लावा अन् गप बसा."

आमच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं स्वागत या एका वाक्यानं व्हायचं. या-बसा नाही, चहा नाही. डॉक्टर असो, वकील असो, साखर कारखान्याचा संचालक असो, त्यानं आपल्याच गाडीत बसायचं, उजवा तळहात छताला टेकवायचा आणि तोंड मिटायचं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, इथं लोकांना कसली तरी शपथ देतात.

तोंड मिटणं हे माझ्यासारख्याला किती जड गेलं असेल, ते तुम्हाला सांगायला हवं. मी बियाणं विकतो. कोपरगावच्या उसापासून जामखेडच्या ज्वारीपर्यंत अख्खा जिल्हा माझ्या पायाखाली, म्हणजे चाकाखाली. मी बोलायला लागलो की पाकिटातल्या पाकिटात बियाण्याला कोंब फुटतात, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच, पण म्हणतात. मला "गप बसा" म्हणणारी दोनच माणसं या जगात झाली. एक माझी बायको, तिचं मी ऐकत नाही. दुसरे हे मिस्त्री.

मुलीच्या हट्टापायी मी सनरूफची गाडी घेतली. आता नगरच्या उन्हाळ्यात गाडीचं छत उघडायचं म्हणजे डोक्यावर तवा ठेवून प्रवासाला निघायचं. पहिल्या वर्षात ते छत मी चारदा उघडलं. तीनदा पाहुण्यांना दाखवायला आणि एकदा चुकून. तरी आठव्या महिन्यात ते वाजायला लागलं. खड् खड् खड्! असं वाटायचं, टपावर कुणी बाई सूप घेऊन गहू पाखडत बसलीय आणि तिला घरी जायची काही घाई नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवलं. टाय लावलेला पोरगा म्हणाला, "सर, एवढं नॉर्मल असतं." मी म्हणालो, "बाळा, नॉर्मल असतं तर मी घरी नसतो का?"

मग कुणीतरी मिस्त्रींचं नाव सांगितलं.

एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला, चिंचेच्या झाडाखाली पत्र्याची शेड. बाहेर हातानं रंगवलेली पाटी: "येथे गाडीचा आवाज काढून मिळेल." मी पाटीकडे बघतच राहिलो. म्हटलं, आवाज काढायला आपण घरून निघालो खरं, पण हे काढून देतात म्हणजे नेमकं काय करतात? खाली बारीक अक्षरात दुसरी ओळ: "नवरदेव उभा केल्यास जबाबदारी नाही."

मिस्त्री म्हणजे उंच, वाळका, खांद्यातून जरा पुढं झुकलेला माणूस. मूळचे जामखेडकडचे. मी माझी कहाणी सुरू केली, सुपापर्यंत पोचलो असेन-नसेन, तोच ते म्हणाले, "वर हात लावा अन् गप बसा."

तेवढ्यात शेडमागच्या खोलीतून त्यांची बायको आली. मेथी निवडत असावी, बोटांना माती होती. पदराला हात पुसले, मागचं दार उघडलं आणि माझ्या गाडीत मधोमध बसली. मी आपला सज्जन माणूस. मागे वळून विचारलं, "वहिनी, कुठं सोडायचं तुम्हाला? बाजारात?"

वहिनी हसल्या. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी गाडी सुरू केली.

शेडसमोरच्या रस्त्यावर ओळीनं सात गतिरोधक होते. आमच्या पंचक्रोशीतले सगळे गतिरोधक शिबिराला तिथं जमलेत असं वाटावं, असे. मिस्त्री त्यांच्यावरून गाडी मुंगीच्या चालीनं न्यायचे. वहिनी मागं डोळे मिटून, चार बोटं छताच्या काचेला लावून बसायच्या. तिसऱ्या गतिरोधकावर त्या म्हणाल्या, "ह्यो छताचा न्हाई. भाऊ, त्या चष्म्याच्या कप्प्यात काय ठिवलंय?"

आरशाच्या वरचा कप्पा मी उघडला. आत माझी बडीशेपेची पत्र्याची डबी.

सर्व्हिस सेंटरच्या दोन भेटी, बायकोशी तीन भांडणं आणि एक डबी! मी ती खिशात घातली. शरमेनं खरंच गप बसलो. गाडी पुन्हा निघाली. आता तर सगळं शांत होतं, निदान माझ्या कानाला. मिस्त्रींनी आरशातून मागं बघितलं.

"थांबला?"

"अजून हाय," वहिनी म्हणाल्या. "पुढं. उजव्या कोपऱ्यात. उपाशी आवाज हाय."

त्या दोघांच्या भाषेत आवाजाच्या तीन जाती होत्या. रबर कोरडं पडून कुरकुरलं की तो उपाशी आवाज, त्याला ग्रीस चारायचं. क्लिप ढिली झाली की तो सैल. छताच्या पट्टीत धूळ, चिंचेचा पाला, कुठला खडा अडकला की तो कोंडलेला. मिस्त्री उतरायचे, स्टुलावर चढायचे, रबर पुसून ग्रीस लावायचे, क्लिपखाली बनातीची पट्टी सारायचे. ही लाल लोकरी बनात ते बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून आणायचे. "पेटीत जितं आवाज नको, तितं हीच लावत्यात," म्हणायचे. पट्ट्या वहिनी कापायच्या, भाकरीच्या पिठाच्या हातानं.

मग पुन्हा सात गतिरोधक. "थांबला?" "अजून हाय." पुन्हा स्टूल. पुन्हा सात. मिस्त्री चिडायचे, पान्हा आपटायचे. वहिनींवर त्याचा काही परिणाम व्हायचा नाही. त्या दिवशी मी सात गतिरोधक पाच वेळा ओलांडले. पाचव्या वेळी वहिनींनी बोटं काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "थांबला." आणि खरोखर, गाडी अशी शांत झाली होती की मला माझ्याच पोटातलं ऐकू यायला लागलं.

निघताना मिस्त्रींनी मला चार गोष्टी बजावल्या. महिन्यातून एकदा पट्टीतली धूळ ओल्या फडक्यानं काढायची. रबराला ग्रीस पावसाळ्याआधी अन् नंतर. पाणी जायची भोकं बुजू द्यायची नाहीत. आणि चौथी सांगताना त्यांनी माझ्या छातीवर बोट ठेवलं, "वरातीत कुणाला त्यातनं उभं करायचं न्हाई. छताला खिडकी दिली ती आभाळ बघायला. गच्ची न्हाई ती." राहुरीकडचा एक नवरदेव म्हणे तलवार घेऊन छतातून उभा राहिला, मागून करवली चढली, तिच्यामागून फोटोवाला. चौकटच वाकली. मिस्त्री ती गोष्ट घरात कुणी गेल्यासारखी सांगायचे.

मग मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलं असेल. जिल्हाभर सांगत सुटलो. खताच्या दुकानात, रसवंतीवर, लग्नाच्या पंगतीत. "काय कान आहेत त्या माणसाचे! जामखेडला गाडीचा नट सैल झाला तर नगरला हा पान्हा उचलतो. मुंगी लंगडत चालली तर कुठल्या पायानं, ते सांगतो." गाड्या यायला लागल्या. लोक मिस्त्रींच्या कानांकडे कौतुकानं बघायचे. एका शिक्षकानं तर त्यांच्या कानांसोबत फोटो काढला. कुणी कानांचा विषय काढला की मिस्त्री खाली बघून पायानं माती उकरायचे. मी तो विनय समजलो. वहिनी आत पट्ट्या कापत हसत असायच्या. त्या कशाला हसतात, हे मी कधी विचारलं नाही. मी बोलत होतो ना.

वहिनी दिवाळीनंतर गेल्या. चार दिवसांचा ताप आणि संपलं.

दिवस झाल्यावर शेड उघडली, तेव्हा मी गेलो. माझी गाडी तेव्हा पुन्हा वाजत होती, पण ते मी बोलणार नव्हतो. चिंचेखाली चार गाड्या उभ्या होत्या, धूळ खात. मिस्त्री स्टुलावर बसले होते, हात मोकळे.

"भाऊ, एक काम हुतं."

"सांगा की."

"मागं बसाल का?"

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. इकडं तिकडं बघत, चोरी कबूल करावी तसं. तरुणपणी वीस वर्षं त्यांनी डेंटिंगचं काम केलं होतं. पत्रा ठोकून ठोकून कान गेले.

"मोठं ऐकू येतं. तुमी ऐकू येता. बारीक न्हाई येत. पंधरा वर्सं झाली. ती सांगायची, मी पान्हा लावायचो."

"मग हे कान..."

"कान तिचं," मिस्त्री म्हणाले. "गावभर माझं केलं ते तुमी."

मी आयुष्यात हजार थापा मारल्यात. एकही अशी परत येऊन समोर बसली नव्हती.

"हाताला एवढंच कळतं, आवाज हाय का न्हाई. कुठं हाय ते कानालाच कळतं," ते म्हणाले. "या चार गाड्यांचं मालक म्हणत्यात, मिस्त्री, तुमी हायसा तर काळजी न्हाई. मला फक्त एक माणूस पायजे. मागं बसून खरं सांगणारं. न्हाईतर लेक म्हणती, कोपरगावला या, शेड मोडा. तितं जाऊन काय करू? बांधावर बसून कावळं मोजू?"

त्यांनी खरं सांगणारं माणूस शोधलं, तेही माझ्यात.

आम्ही माझीच गाडी घेतली. मी मागं वहिनींच्या जागी बसलो, बोटं काचेला लावली, डोळे मिटले. सात गतिरोधक. आवाज होता. मागं कुठंतरी. "थांबला?" "अजून हाय," मी म्हणालो. मिस्त्री उतरले. स्टूल, पान्हा, बनात. पुन्हा सात. "अजून हाय." दुपार झाली. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. तिसऱ्यांदा स्टुलावरून उतरताना ते दाराला धरून क्षणभर उभे राहिले. चौथ्यांदा गाडी निघाली. आवाज तसाच होता. उलट वाढला होता. मिस्त्रींनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्या आरशात पंधरा वर्षं त्यांना जे दिसत होतं, ते आता नव्हतं. माझं थोबाड होतं.

"थांबला?"

"थांबला!" मी म्हणालो. "एकदम थांबला, मिस्त्री! कमाल केली. स्मशानासारखी शांतता झाली."

शब्द तोंडातून गेला तेव्हा जीभ चावली. पण जिभेला काय, ती जन्मभर अशीच धावलीय.

पुढचा गतिरोधक आला तसा मिस्त्रींनी डावा हात स्टिअरिंगवरून काढला आणि तळहात वर काचेला टेकवला. गाडी वर चढली, खाली उतरली. त्यांनी हात काढून घेतला. शेडपाशी आलो.

गाडी बंद करून ते तसेच बसून राहिले.

"लई येळा मी तिच्यावर चिडायचो. उन्हात चार-चार तास. वाटायचं, म्हणावं एकदा हिनं थांबला, सुटू दोघं. पर न्हाई. ती आपली अजून हाय, अजून हाय." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं म्हणाले, "तुमी चांगलं माणूस हायसा, भाऊ. पर ह्या कामाचं न्हाई."

आठवड्यानं मी गेलो तर शेड बंद. चारही गाड्या मालकांना परत गेल्या होत्या. पाटी काढून कुणीतरी चिंचेच्या बुंध्याला उलटी टेकवून ठेवली होती.

दर मंगळवारी मी कोपरगावला जातो. मिस्त्रींच्या लेकीचं घर माझ्या दुकानदारापासून हाकेच्या अंतरावर. तरी चार महिने मी त्या गल्लीत वळलो नाही. कधी मीटिंग, कधी उसळलेलं पित्त, कधी गल्लीच्या तोंडाशी बैलगाडी. न वळायला कारण सापडत नाही असा माणूस मला दाखवा. छत मात्र वाजत होतं. रेडिओ लावला तर रेडिओवर वाजायचं, फोनवर बोललो तर पलीकडचा विचारायचा, "भाऊ, भांडी घासताय का?"

एका मंगळवारी मी रेडिओ बंद केला. फोन बंद केला. नगर ते कोपरगाव तोंड मिटून, एक हात वर लावून गेलो. तो रस्ता तुम्हाला माहीत असेल तर त्यावर काय काय वाजतं हे सांगायला नको, पण एक एक आवाज बाजूला करत गेलो. शिर्डीच्या पुढं मला तो सापडला. मागं, डावीकडं. खड्ड्यात नाही, वळणावर. उपाशी नाही. सैल.

मग मी गल्लीत वळलो.

मिस्त्री ओट्यावर खाटेवर पडले होते. अर्धे झाले होते. लेक हळू आवाजात म्हणाली, "छातीचं दुखणं आहे, काका. डॉक्टरांनी हात टेकलेत. ऐकूही फार कमी येतं. कुणाशी बोलत नाहीत." मला बघून मिस्त्रींनी आधी माझ्या मागं, दारातल्या गाडीकडं बघितलं.

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "अजून हाय!"

आत पाणी आणायला गेलेली लेक दारातच थांबली. तिच्या आईचा शब्द होता तो.

मिस्त्रींनी पडल्या पडल्या हात वर केला. तळहात आडवा, हवेतच, जणू वर काच आहे. "कुठं?"

"मागं! डावीकडं! वळणावर! सैल!"

त्यांचे डोळे उघडले. खाटेखालची पेटी काढायला लावली. कुठला स्क्रू ढिला करायचा, पट्टी कुठून सारायची, बोटांनी हवेत दाखवलं. मी स्टुलावर चढलो. बियाणं विकणाऱ्याचे हात ते! एक क्लिप वाकवली, एक नख गमावलं. मग लेकीनं गाडी घेतली, मी मागं बसलो, आणि उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावरून एक फेरी मारून आलो. अजून हाय. पुन्हा पट्टी, पुन्हा फेरी. अजून हाय. ऊन कलायला लागलं. तिसऱ्या फेरीला आवाज निम्म्यानं कमी झाला होता. पण होता.

आम्ही परत आलो. मिस्त्री उशीला टेकून अर्धे उठून बसले होते. त्यासाठी त्यांनी किती ताकद घालवली असेल, ते त्यांच्या कपाळावरच्या घामावरून दिसत होतं.

"थांबला?"

त्यांच्या उशामागं लेक उभी होती. तिनंही आवाज ऐकला होता. तिनं माझ्याकडे बघितलं, हात जोडले आणि मान हलवली. म्हणा, काका. थांबला म्हणा.

मित्रहो, मी रेताड जमिनीत भात विकलाय. मेलेल्या कोंबाला मी हिरवा म्हटलंय. त्या क्षणी एक शब्द बोलायचा होता, आणि तो बोलणं जगातलं सगळ्यात सोपं काम होतं.

मी खाटेवर बसलो. त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"अजून हाय, मिस्त्री."

लेकीनं तोंड फिरवलं. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या गालावर आधी एक सुरकुती हलली, मग दुसरी. ते हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

"हां," ते म्हणाले. "आता कान आला तुमाला." मग बराच वेळ श्वास गोळा करून, "पातळ पट्टी तितं चालायची न्हाई. जाड लागंल. मी कापून ठिवतो. मंगळवारी या."

मंगळवारी मी गेलो. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती, सुंभ बाहेरच्या बाजूला. ओटा नुकताच सारवलेला. लेकीनं मला काही सांगायची गरज नव्हती. ती आत गेली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. बोटभर लांबीची लाल बनातीची पट्टी. कडा वाकड्या होत्या. कागदावर मोठ्या, लहान मुलासारख्या अक्षरात: "मागं डावीकडं."

"शनिवारी कापली," ती म्हणाली. "मी कापून देते म्हटलं तर कात्री सोडेनात."

ती पट्टी मी अजून बसवलेली नाही. बायको म्हणते, मी मागं बसते, तुम्ही लावा, एका दुपारचं काम आहे. दर रविवारी म्हणते. मी दर रविवारी काहीतरी नवीन कारण सांगतो, आणि कारणांची मला कधी टंचाई पडलेली नाही.

गाडीत एकटा असलो की मात्र रेडिओ लावत नाही. वळण आलं की एक हात आपोआप वर जातो. बोटांखाली काच थरथरते. मी मोठ्यानं सांगतो, खरं काय ते.

पट्टी आरशावरच्या चष्म्याच्या कप्प्यात आहे, जिथं बडीशेपेची डबी होती तिथं. बनात आहे. तिचा काही आवाज होत नाही.